खडक किती तापला, किती खोल गेला?

थर्मामीटर न लावता खडकाचं तापमान कसं कळतं?

गार्नेट हे लालसर खनिज आणि बायोटाइट, म्हणजे काळं अभ्रक, शेजारी वाढतात तेव्हा लोह आणि मॅग्नेशियम आपसात वाटून घेतात. गार्नेटला लोह अधिक प्रिय. पण तापमान चढतं तसं त्यात मॅग्नेशियमही जास्त शिरतं. फेरी आणि स्पिअर यांनी १९७८ मध्ये ही वाटणी ५५० ते ८०० अंश सेल्सिअसला प्रयोगाने मोजली; त्यावरून वाटणी पाहून तापमान काढायचं सूत्र मिळालं. दाबासाठी कॅल्शियम पाहतात. दाब वाढला की प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजातलं कॅल्शियम गार्नेटमध्ये जातं, कारण तिथे ते कमी जागेत मावतं. मात्र सोबत क्वार्ट्‌झ आणि कायनाइट किंवा सिलिमनाइट (दोन्ही ॲल्युमिनियमची सिलिकेट खनिजं) हवंच.

गार्नेटच्या मध्याचं आणि कडेचं तापमान जुळत नाही. प्रबंधात कोणतं लिहू?

आधी मायक्रोप्रोब, म्हणजे कणाची रसायनं मोजणारं यंत्र, बाजूला ठेवा आणि खडकाचा पातळ छेद पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. गार्नेटची कड कुरतडल्यासारखी दिसते का? कडेला मँगनीज पुन्हा वाढलंय का? तसं असेल तर खडक थंड होताना गार्नेट विरघळलं आणि कडेची रसायनं बदलली. कमाल तापमानासाठी ही वाढ सुरू होण्याच्या जरा आतला, सर्वांत कमी मँगनीजचा बिंदू घ्या. बायोटाइट गार्नेटला न चिकटलेलं निवडा. मध्यभाग सर्वांत आधी वाढलेला असतो. त्याची जोडी बाहेरच्या बायोटाइटशी लावू नका, हे मी कळकळीने सांगते. जे दोन कण एकत्र नांदलेच नाहीत, त्यांच्याकडूनही सूत्र आकडा काढून देतंच! आणि ‘६१३ अंश’ असं लिहू नका. तापमानात ५० अंश आणि दाबात एक किलोबार (दाबाचं एकक) इकडेतिकडे होणारच.

भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट दोन्ही मिळतात. नुसत्या डोळ्यांनी काही कळेल?

बरंच. दोघांचं रासायनिक सूत्र एकच; तिसरं भावंड अँडालुसाइट. कायनाइटला दाब मानवतो, सिलिमनाइटला उष्णता, अँडालुसाइटला कमी दाब. तिघं सुमारे ५०० अंश आणि ४ किलोबारला, म्हणजे साधारण १५ किलोमीटर खोलीवर, एकत्र भेटतात. पण एका नमुन्यात दोन दिसली म्हणून दोन्ही एकाच वेळची ठरत नाहीत. निळसर कायनाइटच्या पात्याला कडेने सिलिमनाइटचे धागे खात असतील, तर कायनाइट आधीचं.

सह्याद्रीच्या बेसाल्टला हीच पद्धत चालेल?

नाही, त्यात गार्नेट नसतं. तिथे पायरॉक्सिन हे गडद खनिज आणि ते ज्या वितळलेल्या द्रवातून स्फटिकलं त्याची जोडी घेतात. तापमान बरं मिळतं, दाबावर मात्र फार भिस्त ठेवू नका.