वर्ग शांत होता, म्हणून चार गुण?

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यातल्या एका अध्यापक विद्यालयात शिकवतो. पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात 'वर्गनियंत्रण – 5 गुण' असा एकच रकाना आहे. वर्ग शांत असला की 4 देतो, गलका असला की 2. छात्राध्यापकाचा, म्हणजे शिकाऊ शिक्षकाचा, निर्णय योग्य होता का, हे त्यातून कळत नाही. ते तपासायचं कसं?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. मागच्या बाकावर निरीक्षक बसला की मुलं एरवीही गप्प होतात, त्याचं श्रेय छात्राध्यापकाला देता येत नाही.

निर्णयाचे तीन भाग करा : त्याला काय दिसलं, त्याचा अर्थ त्यानं काय लावला आणि केलं काय. तक्त्यात फक्त तिसरा येतो, चूक मात्र बहुधा दुसऱ्यात असते. गणिताच्या तासाला एक मुलगी शेजारणीला हळूच म्हणते, 'माले समजनं नही.' शेजारीण अहिराणीतूनच हातचा कसा घ्यायचा ते सांगू लागते. छात्राध्यापक फळ्याकडून वळून 'बोलायचं नाही!' म्हणतो. वर्ग चिडीचूप, गुण 4, आणि चाललेलं शिकणं बंद! धडगाव-अक्कलकुव्याकडे मुलं पावरी किंवा भिली बोलतात, तिथे ही गफलत आणखी सहज होते.

म्हणून एका तासातले तीनच प्रसंग टिपा, वेळेसकट. 'वर्ग गोंधळला' असं लिहू नका. '11.20 – खिडकीकडच्या दोघांनी वह्या मिटल्या' असं लिहा, आणि पुढच्या मिनिटात काय झालं तेही. त्याच दिवशी, स्वतःचं मत सांगण्याआधी, छात्राध्यापकाशी बोला. 'असं का केलंस?' म्हटलं की तो बचावाला लागतो. 'तेव्हा तुला काय दिसत होतं? आणखी काय करता आलं असतं?' असं विचारा. प्रत्येक भागाला 0 ते 2, म्हणजे तीन प्रसंगांचे 18 गुण. मुलाला मारलं किंवा घालूनपाडून बोललं, तर कारण कितीही पटणारं असो, कृतीला शून्यच द्या. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं दोन्हींना मनाई केली आहे.

गोंधळ टाळणारे निर्णय सहसा नजरेतून सुटतात. अमेरिकन शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी 1970 मध्येच दाखवून दिलं की गैरवर्तनानंतरच्या दटावणीपेक्षा शिक्षकाची आधीची जागरूकता वर्गाला जास्त सांभाळते. गटकार्यात साहित्य आधी वाटलं की मुलांचे हात त्यात गुंततात, सूचना कुणी ऐकत नाही. हा क्रम पाठाच्या टाचणातच पाहून घ्या.

प्रत्येकाच्या वाट्याला सारखे प्रसंग येत नाहीत, म्हणून जोडीला चार लेखी प्रसंग द्या, प्रत्येकी 5 मिनिटं. उदाहरणार्थ : कापूस वेचणीमुळे पंधरा दिवस गैरहजर राहिलेला मुलगा परत आलाय, वही कोरी आहे आणि तो पुढच्याची पाठ टोचतोय. 'प्रेमानं समजावीन' या उत्तराला गुण नकोत. नेमकं कोणतं वाक्य बोलणार, आणि त्यानं ऐकलं नाही तर पुढे काय, हे लिहवून घ्या. मात्र लेखी उत्तरात सगळेच शहाणे दिसतात, त्यामुळे हे गुण प्रत्यक्ष तासाच्या गुणांत मिसळू नका.

सुरुवातीला दोन पाठ सहकाऱ्यासोबत बसून पाहा आणि गुण वेगवेगळे द्या. 18 पैकी 3 हून जास्त फरक पडला, तर नोंदी समोर ठेवून बोला आणि मगच तक्ता सगळ्यांना लागू करा.