आधी उजवा हात

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला, सोबतचा व्हिडिओ चारदा पाहिला. बँड सोडू का, इलेक्ट्रिक गिटार विकू का, पाश्चात्त्य क्लासिकल गिटार धरू की फ्लामेंको ही स्पेनची शैली, बाविसाव्या वर्षी फार उशीर झाला का, असे चार प्रश्न विचारलेस. चारांतल्या एकातही तुझा उजवा हात नाही. मला तर व्हिडिओत दुसरं काही दिसतच नव्हतं.

करंगळी टॉपवर, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीवर, रोवून ठेवली आहेस. मनगट आत दबलंय. वर चढणाऱ्या त्या ओळीत तर्जनी सलग तीनदा आली आणि मधलं बोट नुसतं थांबून राहिलं. शिवाय प्रत्येक सुराच्या आधी एक बारीक 'टक्' येतो. हेडफोन लावून ऐक, तुलाही ऐकू येईल. तो मधल्या बोटाच्या नखाचा कोपरा आहे. डावा हात मात्र तयार आहे, आणि अडचण तीच आहे. डावा हात पळायला लागला की माणसाला वाटतं, आपल्याला गिटार येते.

रॉकमध्ये हे खपून जातं. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारा इफेक्ट, चढवला की हलका आघात आणि जोरकस आघात जवळजवळ एकाच मापाने बाहेर पडतात. आवाजाचा पोत पेडल आणि अँप ठरवतात, सूर किती टिकायचा हेही बऱ्याच अंशी तेच ठरवतात. क्लासिकल आणि फ्लामेंको गिटारच्या नायलॉनच्या तारेमागे असं कुणी उभं नाही. तिथे सूर गोल की किरकिरा, जाड की पातळ, हे दीड मिलिमीटर नख आणि त्याच्या शेजारचं मांस ठरवतं. म्हणून आधी उजवा हात. मी डाव्या हाताला दिलेली वर्षं परत मागता आली असती तर मागितली असती. तुझी अजून जायची आहेत, म्हणून इतकं टोचून लिहितोय.

बसण्यापासून सुरू कर. हात नसलेली टणक खुर्ची घे आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बस. डाव्या पायाखाली साधारण १५ सेंटिमीटर उंचीचा फूटस्टूल हवा. नसेल तर पाट आणि त्यावर जाड पुस्तकं चालतील. गिटारची कंबर डाव्या मांडीवर, हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, डोळ्यांच्या उंचीला. उजवा हात कोपराच्या जरा पुढे गिटारच्या कडेवर नुसता टेकलेला असू दे, दाबलेला नको. खांदा खाली सोड, मनगट सरळ ठेव. करंगळी कुठेही टेकवायची नाही. पहिले आठ दिवस हात अधांतरी वाटेल. वाटू दे. आधार करंगळीचा नसतो, तारेवर आधीच ठेवलेल्या बोटाचा असतो.

बोट तारेवर ठेव आणि थांब. मांस आणि नख दोन्ही तारेला लागलेत का बघ. तार किंचित आत, टॉपच्या दिशेने दाब, आणि सोड. बोट तळहाताकडे जातं, वर उचललं जात नाही. हालचाल बोट जिथे तळहाताला जोडलंय त्या सांध्यातून येते. शेवटच्या पेरातून ओढलंस की तार वर खेचली जाते आणि परत येताना फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटते. तुझ्या खालच्या तारांची जी फटफट होते ती यामुळे, गिटारच्या दोषामुळे नाही. सोडलेलं बोट हवेत राहिलं तर तो फ्री स्ट्रोक, तिरांदो. शेजारच्या जाड तारेवर येऊन विसावलं तर रेस्ट स्ट्रोक, आपोयांदो. फ्लामेंकोतला पिकादो हा आपोयांदोच, तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून, तार छेडायच्या तुझ्या पिकच्या, त्या चपट्या तुकड्याच्या, खाली-वरसारखा. एकच बोट दोनदा येणं म्हणजे पिक दोनदा खाली मारणं. बँडमध्ये कुणी केलं तर तू लगेच टोकतेस ना?

मोकळ्या तारा, म्हणजे डाव्या हाताने न दाबलेल्या, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक सूर. तर्जनी-मधलं, मग मधलं-अनामिका, मग तर्जनी-अनामिका, प्रत्येकी पाच मिनिटं. तिसरी जोडी सगळ्यात आळशी निघेल, तिला दोन मिनिटं जास्त दे. आठवड्याला चार अंकांपेक्षा जास्त गती वाढवू नकोस.

आता नखं. फक्त उजव्या हाताची वाढव, डाव्याची मुळापर्यंत काप. तळहात आपल्याकडे करून बोट डोळ्यांसमोर धर. मांसाच्या वर नखाची १ ते दीड मिलिमीटर कड दिसली पाहिजे, अंगठ्याची थोडी जास्त. आधी काचेची फाइल, एकाच दिशेने. पुढे-मागे घासलंस की नखाचे पापुद्रे सुटतात. आकार अंगठ्याकडच्या बाजूने हळूहळू चढणारा, उतारासारखा, कारण तार त्याच बाजूने मांसावरून नखावर चढते आणि घसरून सुटते. वाटेत कोपरा असला की तार अडकते. तोच तुझा 'टक्'. मग हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आण, १००० आणि २००० नंबरचा. आधी १०००, मग २०००, कड काचेसारखी होईपर्यंत. भांडी घासल्यावर नखं मऊ पडतात, त्यानंतर अर्धा तास फाइल लावू नकोस. हे दर दोन-तीन दिवसांनी करायचं. कंटाळवाणं आहे, पण आवाज इथेच घडतो.

स्पॅनिश संगीतकार तारेगांच्या रचनेतला ट्रेमोलो, म्हणजे एकच सूर बोटांनी भराभर परत परत वाजवणं, 'घोडा दौडल्यासारखा' येतो असं लिहिलंस. येणारच. अंगठा, अनामिका, मधलं, तर्जनी या चारांत नंतरची तीन बोटं एका झुपक्यात पडतात आणि अंगठ्याआधी खड्डा राहतो. गती वाढवून हा खड्डा बुजत नाही. ५० वर ये, दुसऱ्या तारेवर वाजव, कारण तिथे दोन्हीकडून तारा आहेत आणि बोटाला नेमकं जावं लागतं. एक मिनिट अनामिकेवर जोर, एक मिनिट मधल्यावर, एक मिनिट तर्जनीवर. फ्लामेंकोचा ट्रेमोलो वेगळा असतो, अंगठा, तर्जनी, अनामिका, मधलं, तर्जनी, असे पाच आघात. दोन्ही एकदम शिकू नकोस.

तोवर ती रचना बाजूला ठेव. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिले तीन महिने रचना देत नाही, जुन्या काळचे गिटारवादक-संगीतकार जुलियानी यांचे उजव्या हाताचे १२० पाठ देतो, त्यातले पहिले वीस. डाव्या हाताला त्यात सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्ड असतात, म्हणजे लक्ष जायला दुसरी जागाच उरत नाही. नंतर त्याच काळातल्या सोरचे सोपे पाठ, ओपस ६०, म्हणजे त्यांच्या रचनांतला साठावा क्रमांक. मग कार्कासी, त्यांचाही ओपस ६०. पालक विचारतात, गाणं कधी वाजवणार? काही जण सोडून जातात. जाऊ देत. ज्यांना मी लवकर रचना दिल्या, त्यांचे हात आजही तिथेच अडलेत. या बाबतीत मी बदलणार नाही.

क्लासिकल की फ्लामेंको, हे वर्षभर ठरवू नकोस. वर सांगितलेला हात दोन्हीकडे लागतो. फ्लामेंकोचं वेगळं जे आहे तेही उजव्या हातातच आहे. रासगेआदो घे. अंगठा सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर टेकव, बोटं सैल मिटून घे. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी, एकेक करून बाहेर फेक, चारही सारख्या जोराने, ५० च्या ठोक्याला चार. आपण दिवसभर बोटं मिटण्याची कामं करतो, उघडण्याचे स्नायू कच्चे राहतात, म्हणून अनामिका मधल्या बोटाला चिकटून येते आणि चार आघातांऐवजी एकच 'खर्र' ऐकू येतो. याला गिटारही लागत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये मांडीवरच्या बॅगेवर कर. कोपराजवळ दुखलं की त्या दिवसापुरतं बंद. गोल्पे, म्हणजे टॉपवर मारायची थाप, तुझ्या गिटारवर अजिबात नको. फ्लामेंको गिटारला तिथे प्लास्टिकची गोल्पेआदोर पट्टी असते, तुझ्या गिटारचं पॉलिश महिन्याभरात उडेल.

आणि कोंपास, म्हणजे ताल. सोलेआ आणि बुलेरियास हे फ्लामेंकोचे दोन प्रकार. सोलेआ बारा मात्रांचा, जोर ३, ६, ८, १०, १२ वर. बुलेरियासमध्ये मोजणी १२ पासून धरतात: १२-१-२, ३-४-५, ६-७, ८-९, १०-११. तीन, तीन, दोन, दोन, दोन. बारा म्हटलं की आपल्याला एकताल आठवतो आणि कान एकवर सम शोधतो. इथे एकवर काही नाही. सोलेआची ओळ बहुतेक वेळा १० वर येऊन मिटते. महिनाभर नुसत्या टाळ्या, मग तारा डाव्या हाताने दाबून बंद ठेवून उजव्याने तोच ताल. सुरांचं म्हणशील तर ए मायनर, जी, एफ, ई ही उतरंड तुला येते, पण तू ए मायनरवर जाऊन थांबतेस. रॉकच्या कानाला ते घर वाटतं. घर ई आहे. ई ला सा धर आणि त्यावर बसंत मुखारीचे स्वर गाऊन बघ, कोमल रिषभाशेजारी शुद्ध गंधार. मग एफवरून ईवर येणं आपोआप कळेल.

क्लासिकलचे थोर वादक सेगोविया स्वतःचे स्वतः शिकले, फ्लामेंकोचे थोर वादक पाको द लुसियांना नोटेशन वाचता येत नव्हतं, हे मला लिहू नकोस. पाकोंचे वडील गिटारवादक, एक भाऊ गिटारवादक, दुसरा गायक. त्यांच्या घरात कोंपास स्वयंपाकघरापर्यंत होता. तुझ्या कोपरखैरण्याच्या घरात नाही, म्हणून तुला मोजावं लागेल आणि वाचावंही लागेल. रोज चार ओळी वाच, पुरे.

इलेक्ट्रिक विकू नकोस, बँडही सोडू नकोस. ड्रमरबरोबर राहून तुला जी लय मिळाली ती खोलीत बसून मिळत नाही. फक्त बँडच्या दिवशी नायलॉन आधी वाजव, पिक नंतर धर.

गिटारबद्दल थोडं. पाऊस सुरू झाल्यापासून ती जड लागते म्हणतेस. टॉप सलग लाकडाचा असेल तर तो दमट हवेत फुगतो, ब्रिज, म्हणजे टॉपवरची तारा बांधायची पट्टी, वर येतो, तारा उंचावतात. बाराव्या फ्रेटवर पट्टी लावून तारेची उंची मोज. सहावी तार ४ आणि पहिली ३ मिलिमीटरच्या आसपास असली तर ठीक. जुलैत ती ५ दिसली म्हणून ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती बारीक पट्टी, घासून घेऊ नकोस, जानेवारीत हवा कोरडी झाली की तारा खाली येतील आणि सगळे फ्रेट बझ करतील, म्हणजे तारा त्यांना लागून खरखरतील. केसमध्ये सिलिका जेल आणि हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं हायग्रोमीटर ठेव, आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखायचा प्रयत्न कर. ओल येणाऱ्या भिंतीला गिटार टांगू नकोस. आणि कुणीही सांगितलं तरी स्टीलच्या तारा चढवू नकोस. त्यांचा एकूण ताण ७० किलोच्या वर, नायलॉनचा ४० च्या आसपास. ब्रिज उखडतो.

रात्री शेजारी तक्रार करतात ना? ब्रिजपाशी तारांखाली हातरुमालाची घडी सरकव. आवाज दबतो, उजव्या हाताचं काम चालू राहतं.

पुढचा व्हिडिओ तीन आठवड्यांनी पाठव. मोबाइल खाली, गुडघ्याच्या उंचीला ठेव, म्हणजे तळहात आणि बोटांची मुळं दिसतील. डावा हात फ्रेममध्ये नको. मोकळ्या तारा, ६० ची गती, दोन मिनिटं, आणि शेवटी पाचही नखं कॅमेऱ्याजवळ आणून दाखव.