वाचकांचे प्रश्न : महागडा पॉवर सप्लाय पारखावा कसा?

प्रश्न : मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील फाउंड्रींसाठी पॅटर्न आणि डाय यांची त्रिमितीय डिझाइन करून देतो. संगणकासाठी ४५० वॅटचे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरवले असून दुकानदाराने त्याच्या जोडीला १२०० वॅटचा ‘८० प्लस टायटॅनियम’ दर्जाचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारी पेटी, म्हणजेच पॉवर सप्लाय) सुचवला आहे. १००० वॅटचा गोल्ड दर्जाचा त्याहून बराच स्वस्त मिळतो. या दोहोंतला खरा फरक कसा ओळखावा? आमच्याकडे शेजारचे वेल्डिंग मशीन सुरू झाले की दिवे मंद होतात आणि लाइट क्षणभर जाऊन येते. त्यासाठी १००० व्हीएचा यूपीएस लावला आहे. शिवाय कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. नव्या एसएमपीएसने त्या थांबतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : झिणझिण्यांचा प्रश्न आपण शेवटी विचारला असला, तरी कोणताही एसएमपीएस विकत घेण्यापूर्वी तो सोडवला पाहिजे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतील गोंगाट गाळणारा फिल्टर असतो आणि त्यातील काही कपॅसिटर फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांकडून धातूच्या पेटीला जोडलेले असतात. अर्थिंग शाबूत असेल, तर त्यांतून झिरपणारा अतिसूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल, तर पेटी, आणि तिच्याबरोबर संपूर्ण कॅबिनेट, २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्या दाबावर तरंगत राहते व हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात. महागड्या एसएमपीएसमध्येही हाच फिल्टर असतो, त्यामुळे तो बसवून आपला त्रास जाणार नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटवर फेज आणि अर्थिंग यांमधील दाब मोजून घ्यावा; तो फेज आणि न्यूट्रल यांमधील दाबाइतकाच आला पाहिजे, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांत दोन-तीन व्होल्टांहून अधिक फरक नसावा. काही जण सोपा उपाय म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडतात. तसे कदापि करू देऊ नये, कारण न्यूट्रल तुटल्यास कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

आता दर्जाचे. ‘८० प्लस’चे प्रमाणपत्र कार्यक्षमतेबद्दल बोलते; भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती संगणकापर्यंत पोहोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढेच ते सांगते. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर गोल्डला किमान ९० टक्के, तर टायटॅनियमला ९४ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. आपल्या २३० व्होल्टवर दोन्ही आकडे थोडे वर सरकतात. आपला संगणक काम करताना सरासरी ५०० वॅट घेतो असे धरले, तर दोहोंतला फरक सुमारे २४ वॅटचा पडतो. रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस या हिशेबाने वर्षाकाठी साधारण ५७ युनिट वाचतील. आपल्या बिलातील दराने याला गुणून, किमतीतला फरक किती वर्षांत भरून निघेल ते आपणच पाहावे. माझ्या मते केवळ या बचतीसाठी टायटॅनियम घेण्याचे कारण नाही.

आपल्यासारख्या ठिकाणी एसएमपीएसची खरी परीक्षा वीज डळमळते त्या क्षणी होते. वीज गेल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर तो काही मिलिसेकंद संगणक चालवत राहतो, आणि यूपीएसला बॅटरीवर जायला लागणारा वेळ याच काळात निभावून न्यायचा असतो. संगणकाच्या एसएमपीएससाठी असलेल्या एटीएक्स ३.१ या मानकानुसार हा काळ पूर्ण भारावर किमान १२ आणि ८० टक्के भारावर १७ मिलिसेकंद असावा. साध्या यूपीएसला बॅटरीवर जाण्यास १० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणजे हातात फारसे काही उरत नाही. हा कपॅसिटर किंमत वाचवण्यासाठी लहान घातला, तरी प्रमाणपत्राच्या बिल्ल्यावर त्याची छाया पडत नाही. म्हणून ज्या परीक्षणात लोड टेस्टर (ठरावीक भार टाकणारे यंत्र) आणि ऑसिलोस्कोप (विजेची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र) वापरून मोजमाप केले आहे, तेच वाचावे आणि त्यात हा आकडा सर्वांत आधी शोधावा.

त्याच परीक्षणात रिपल, म्हणजे १२ व्होल्टच्या सरळ प्रवाहावर उरलेली लहर, पाहावी. मानकाची कमाल मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे. उत्तम एसएमपीएस ३० मिलिव्होल्टांच्या आसपास किंवा त्याखाली राहतो. तिसरी गोष्ट तापमानाची. ‘८० प्लस’ची चाचणी सुमारे २३ अंशांच्या खोलीत होते, पण आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी बंद कॅबिनेटच्या आतली हवा त्याच्या कितीतरी वर असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते, त्यामुळे १०५ अंशांसाठी बनवलेले कपॅसिटर आणि ४० ते ५० अंशांत घेतलेली चाचणी, या दोन्हींची खात्री करून घ्यावी.

वॅटबाबत दुकानदाराने थोडा हात सैल सोडला आहे. कार्डाचे ४५०, प्रोसेसरचे जास्तीत जास्त २५० आणि बाकी सर्व मिळून १०० धरले, तरी बेरीज ८०० होते. १००० वॅट पुरेसे आहेत. कार्ड अत्यल्प काळ आपल्या मर्यादेहून बराच जास्त प्रवाह ओढते हे खरे आहे, परंतु एटीएक्स ३.० आणि ३.१ मानकांचा, नव्या १६ पिनी कनेक्टरचा एसएमपीएस १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलेल, अशीच त्याची रचना अपेक्षित असते. तेव्हा जुन्या मानकाच्या १२०० वॅटपेक्षा नव्या मानकाचा १००० वॅटचा घ्यावा. खोक्यावरच्या आकड्यावर न थांबता पेटीवरचा तक्ता वाचावा : १२ व्होल्टच्या रकान्यात ८३ अँपिअरच्या आसपास आकडा असेल, तर १००० वॅट खरोखर कार्ड व प्रोसेसर यांना मिळू शकतात.

कार्डाकडे जाणाऱ्या १६ पिनी कनेक्टरबद्दल मात्र काळजी घ्यावी लागते. सुरुवातीच्या रचनेत तो अर्धवट बसला तरी प्रवाह सुरू होत असे, आणि २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डांवर काही ठिकाणी तो वितळला. सुधारित १२व्ही-२x६ रचनेत इशारा देणाऱ्या चार बारीक पिना आखूड केल्या आहेत, त्यामुळे कनेक्टर नीट बसला नसेल तर कार्डाला ते कळते. तरीही तो पूर्ण आत दाबून फट उरली नाही ना हे टॉर्चने पाहावे आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नये. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल नव्याला चुकूनही लावू नयेत. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीत वेगळी असते आणि चुकीच्या जोडणीने हार्ड डिस्क क्षणात जळते.

आपला यूपीएस या संगणकाला पुरणार नाही. १००० व्हीएच्या अनेक यूपीएसची क्षमता प्रत्यक्षात ६०० वॅटच असते. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि आजच्या एसएमपीएसमधील अ‍ॅक्टिव्ह पीएफसीला (भिंतीतून घेतलेला प्रवाह दाबाच्या लहरीशी जुळवणाऱ्या भागाला) ती कधीकधी मानवत नाही. नेमक्या गरजेच्या वेळी संगणक बंद पडतो. टायटॅनियमवर वाचणारे पैसे शुद्ध साइन वेव्हच्या (भिंतीतील विजेसारखीच गुळगुळीत लहर देणाऱ्या), किमान १००० वॅट लिहिलेल्या यूपीएसमध्ये घालावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

नवा एसएमपीएस घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी एक मोजमाप करता येते. सर्वांत जड रेंडर (डिझाइनचे अंतिम चित्र तयार करण्याचे काम) लावून, मोकळ्या चार पिनी पेरिफेरल कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या कडेच्या पिनेवर आणि शेजारच्या ग्राउंडवर मल्टिमीटर धरावा. मानकाला १२ व्होल्टच्या वर-खाली काही टक्के फरक चालतो, पण या किमतीच्या एसएमपीएसने ११.९ ते १२.१ च्या आत राहावे. मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमधील आकड्यांवर विसंबू नये, आणि रिपल मल्टिमीटरने दिसत नाही हेही लक्षात असू द्यावे. रेंडर सुरू असतानाच नव्या यूपीएसचा भिंतीतील प्लग काढून पाहावा. संगणक न अडखळता चालू राहिला नाही, तर बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकान गाठावे. वॉरंटी दहा वर्षांची असली तरी खराब झालेला एसएमपीएस कोल्हापुरातच जमा होतो की पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून बिलावर लिहून घ्यावे.