ऋण संख्या आली की उत्तर चुकतं

प्रश्न : जावातला हिशेबाचा कोड ओळीला ओळ पायथनमध्ये उतरवला. चालतो, पण ऋण संख्या आली की उत्तर चुकतं. का?

उत्तर : आधी भागाकार बघा. जावात −७ / ३ म्हणजे −२, बाकी −१. अपूर्णांक शून्याच्या दिशेने छाटला जातो. पायथनचा // (पूर्णांकी भागाकार) मात्र खालच्या पूर्णांकावर उतरतो : −३, बाकी २. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर, म्हणूनच एरर येत नाही आणि चूक लपते. जावासारखंच उत्तर हवं तर चिन्हं बाजूला ठेवून भागा, मग दोन संख्यांची चिन्हं वेगळी असतील तर भागाकाराला ऋण चिन्ह लावा. बाकीला भाज्याचं चिन्ह. साध्या / ने भागून इंट (पूर्णांक) करण्याचा शॉर्टकट नको, मोठ्या संख्यांत फ्लोटमुळे (मर्यादित अचूकतेच्या दशांश संख्येमुळे) शेवटचे अंक बिघडतात.

आणि हो, जावाचा इंट ३२ बिटांचाच, पायथनचा वाढतच जातो. हॅश (मजकुरावरून हिशेबाने काढलेली ओळख-संख्या) काढत असाल तर तिथेही घोळ होईल.