मस्कतच्या रायफली आणि ब्रुसेल्सचा करार

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: वसाहतींच्या काळात शस्त्रव्यापाराला आळा घालण्यासाठी देशादेशांत करार झाले होते का, आणि झाले असल्यास त्यांचा काही उपयोग झाला का. करार निश्चित झाले होते. उपयोग कोणाला झाला, हे पाहिल्याखेरीज दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. माझे मत असे आहे की या करारांना बंदुकांच्या संख्येपेक्षा बंदूक कोणाच्या हातात आहे याची चिंता अधिक होती आणि त्यांचे यशापयशही त्यावरच ठरले.

पहिला मोठा प्रयत्न म्हणजे २ जुलै १८९० रोजी सह्या झालेला ब्रुसेल्सचा करार. ही परिषद मुळात आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी भरली होती आणि गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांचे बळ बंदुकांत आहे, या युक्तिवादावर शस्त्रांची कलमे तिच्या करारात घालण्यात आली. युरोपीय सत्तांबरोबर अमेरिका, ओस्मानी साम्राज्य, इराण आणि झांझिबार यांनीही तो स्वीकारला. उत्तरेस २० आणि दक्षिणेस २२ अक्षांशापर्यंतचा आफ्रिकेचा पट्टा आणि किनाऱ्यापासून १०० सागरी मैलांतील बेटे एवढ्या प्रदेशात नळीला आतून आटे पाडलेल्या आधुनिक बंदुका आणि त्यांची काडतुसे आणण्यास बंदी झाली. आयात झालेला माल सरकारी वखारीत ठेवायचा होता. चकमकीच्या दगडाने पेटणाऱ्या जुन्या बंदुका आणि साधी बंदुकीची दारू विकण्यास मात्र सरकारी देखरेखीखाली मुभा राहिली. वसाहतीच्या सैन्याला अर्थातच हे बंधन नव्हते.

या घाईमागे गुलामांच्या कळवळ्याइतकेच आणखी एक कारण होते. १८६६ नंतरच्या पंचवीस वर्षांत युरोपातील सैन्यांनी आपल्या रायफली पुन्हा पुन्हा बदलल्या. फ्रान्सने शास्पो टाकून ग्रा घेतली आणि १८८६ मध्ये धूररहित दारूची लेबेल आणली. ब्रिटनमध्ये मार्टिनी-हेन्रीची जागा ली-मेटफर्डने घेतली. प्रत्येक बदलानंतर जुन्या पण उत्तम स्थितीतील बंदुकांचे साठे व्यापाऱ्यांकडे येत आणि त्या खपवायला आफ्रिका व आशिया यांच्याइतकी चांगली बाजारपेठ नव्हती. इथिओपियाचा राज्यकर्ता मेनेलिक याने याचा पुरेपूर फायदा घेतला. (त्याला बंदुका विकणाऱ्यांत १८८७ मध्ये फ्रेंच कवी आर्त्युर रँबोही होता आणि त्या व्यवहारात त्याला तोटा झाला.) तो प्रदेश कराराच्या पट्ट्यात असूनही एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या युरोपीय सत्तांकडून मेनेलिकला शस्त्रे मिळत राहिली आणि १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या लढाईत त्याने इटलीच्या सैन्याचा पराभव केला.

या कराराची खरी कसोटी मात्र मला मस्कतला लागलेली दिसते. ओमानच्या किनाऱ्यावरचे मस्कत बंदर साधारण साडेतेवीस उत्तर अक्षांशावर, म्हणजे पट्ट्याच्या थोडे बाहेर आहे. आफ्रिकेचा दरवाजा अरुंद झाल्यावर व्यापार तिथे वाढला. मस्कतहून रायफली गलबतांनी इराणी आखातात आणि बलुचिस्तानातील मकरानच्या किनाऱ्यावर उतरत आणि तिथून अफगाणांचे उंटांचे तांडे त्या अफगाणिस्तानात व हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीपर्यंत नेत. १८९७ मध्ये याच सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेत आफ्रिदी पठाणांशी लढताना ब्रिटिशांना पठाणी नेमबाजीची धार चांगलीच जाणवली. विशेष म्हणजे १८९० च्या दशकात या व्यापारातला मोठा वाटा ब्रिटिश मालाचा आणि ब्रिटिश कंपन्यांचाच होता. जानेवारी १८९८ मध्ये ‘बलुचिस्तान’ नावाच्या जहाजावरील माल ‘लॅपविंग’ या ब्रिटिश युद्धनौकेने मस्कतच्या पाण्यात जप्त केला, तोही फ्रॅसिस, टाइम्स आणि कंपनी या लंडनशी संबंध असलेल्या कंपनीचा. कंपनीने नौकेच्या कप्तानावर इंग्लंडमध्येच दावा लावला आणि १९०२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की मस्कतचा सुलतान फैसल याच्या अशा जप्तीला परवानगी देणाऱ्या जाहीरनाम्यामुळे ती मस्कतच्या कायद्याने वैध होती.

आपल्या व्यापाऱ्यांना ब्रिटिश सरकारने असे आवरले, पण फ्रेंचांना आवरणे त्याला शक्य नव्हते. १८४४ च्या तहाने फ्रेंच प्रजेला मस्कतमध्ये मुक्त व्यापाराचा हक्क होता आणि १८६२ मध्ये ब्रिटन व फ्रान्स या दोघांनीही मस्कतच्या स्वातंत्र्याचा मान राखण्याचे जाहीर केले होते. सुलतानाने फ्रेंच व्यापाऱ्यांवर बंदी घातली असती तर तहभंगाचा दोष त्याच्यावर आला असता. गोगुएर नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने या मोकळ्या जागेत मोठा धंदा उभा केला. शिवाय ओमानच्याच सूर बंदरातील काही गलबते फ्रेंच निशाण लावून फिरत असल्याने ब्रिटिश आरमाराला त्यांची झडती घेता येत नसे. हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि १९०५ च्या निवाड्याने नवी निशाणे देण्यावर मोठी मर्यादा आली. १९०८-०९ मध्ये ब्रुसेल्सला नवी परिषद भरली तेव्हा बंदीचा पट्टा आखातापर्यंत वाढवावा अशी ब्रिटनची इच्छा होती. फ्रान्सने मान्यता दिली नाही आणि परिषद निष्फळ ठरली.

मग आरमार पुढे आले. रिअर अॅडमिरल स्लेड यांच्या हाताखाली आखातात नाकेबंदी सुरू झाली आणि १९११ मध्ये मकरानमध्ये फौज उतरवण्यात आली. डिसेंबर १९१० मध्ये ‘हायसिंथ’ या नौकेवरील शिपाई बंदुका शोधण्यासाठी दुबईत उतरले, तेव्हा झालेल्या चकमकीत शहरातील ३७ माणसे मरण पावली आणि नंतर दुबईच्या शेखाकडून ४०० रायफली आणि ५०,००० रुपये दंड मागण्यात आला. शस्त्रबंदीच्या इतिहासात ही घटना सहसा तळटीपेत जाते, हे मला खटकते.

सप्टेंबर १९१२ पासून मस्कतमध्ये येणारी सर्व शस्त्रे सरकारी वखारीत जमा करण्याचा नियम लागू झाला. शस्त्रांवरील जकात बुडाल्याबद्दल सुलतानाला ब्रिटिशांनी वार्षिक एक लाख रुपये दिले आणि १९१४ मध्ये भरपाई घेऊन फ्रान्सनेही हरकत मागे घेतली. ब्रुसेल्सच्या कलमांनी चोवीस वर्षांत जे साधले नाही ते युद्धनौका आणि रोख रक्कम यांनी साधले. पण ओमानच्या अंतर्भागातील टोळ्यांच्या रागाला ही वखारही कारणीभूत ठरली; १९१३ मध्ये त्यांनी आपला इमाम निवडून सुलतानाविरुद्ध उठाव केला आणि जानेवारी १९१५ मध्ये मस्कतवरील त्यांचा हल्ला हिंदी पलटणींनी परतवला.

महायुद्धानंतर १९१९ मध्ये सेंट-जर्मेनचा नवा करार झाला, पण अमेरिकेने त्याला मान्यता दिली नाही आणि तो प्रत्यक्षात आला नाही. १९२५ मध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) परिषद बोलावली. तिथे इराणी आखात पुन्हा विशेष झडतीच्या क्षेत्रात घालण्यात आले, तेव्हा राष्ट्रसंघाचा बरोबरीचा सदस्य असलेला इराण परिषद सोडून निघून गेला. तिथला शस्त्रव्यापाराचा करारही कधी अमलात आला नाही. त्याच परिषदेत सह्या झालेला, युद्धात विषारी वायूच्या वापरावर बंदी घालणारा करार मात्र १९२८ मध्ये लागू झाला आणि आजही लागू आहे.