ऑफिस सुरू झाल्यावर काढून ठेवलेलं आईचं दूध किती वेळ टिकतं? आजींनी ते गॅसवर गरम केलं तर चालेल का?

फ्रिजमध्ये ४ दिवस, बाहेर फार तर ४ तास; आणि गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये अजिबात गरम करू नका. आकडे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे आहेत, पण बाहेरचे ४ तास हे २५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर २५ अंशांवर असतं कधी? तेव्हा काढलं की लगेच फ्रिजमध्ये, तेही दारात नाही, आत मागच्या बाजूला. डबीवर तारीख-वेळ लिहिलेली चिकटपट्टी लावा. पाजायच्या वेळी पातेलीत कोमट पाणी घेऊन त्यात बंद डबी ठेवायची, बस्स. वर सायीसारखा थर दिसतो; ते नासलेलं नसतं, डबी हलक्या हाताने फिरवली की मिसळतं. आजींना हे एकदा दाखवूनच ठेवा, नाहीतर चांगलं दूध मोरीत जातं (आणि संध्याकाळी घरात वाद!). बाळाने पिऊन उरवलेलं मात्र २ तासांत संपलं नाही तर टाकून द्या. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर हे आकडे धरू नका, तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.