हुडहुडी भरली, म्हणून औषध सोडायचं का?

प्रश्न : माझ्या आईला (वय ६४) बी-सेल लिम्फोमा आहे. केमोच्या जोडीला रिटुक्सिमॅब सुरू केलंय. पहिल्या दिवशी सलाइन लावून तास होतो न होतो तोच तिला हुडहुडी भरली, ताप चढला. सिस्टरनी ड्रिप थांबवली, इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं पुन्हा हळू चालू केली. आई म्हणते, ‘मला हे सोसत नाही, पुढच्या वेळी नुसती केमोच घेईन.’ काय करावं?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : आधी आईंना सांगा, घाबरू नका. एकोणीस वर्षं डेकेअर वॉर्डात ड्रिप लावतेय. पहिल्या रिटुक्सिमॅबला दात वाजणारे पेशंट मी कितीतरी पाहिलेत. दुसऱ्या वेळी त्यातले बरेचसे डबा खाऊन झोपतात.

हे औषध म्हणजे कारखान्यात पेशींकडून बनवून घेतलेली अँटिबॉडी, आपल्या शरीरात असते तशीच. तिचे दोन हात बी पेशींवरची (या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, आईंचा लिम्फोमा हा त्यांचाच कॅन्सर) सीडी २० ही खूण पकडतात आणि शेपटी आपल्याच प्रतिकारशक्तीला बोलावून घेते. पहिल्या डोसला अशा पेशी भरपूर असतात. त्या एकदम फुटल्या की त्यातून आणि चेतलेल्या प्रतिकारपेशींतून जी रसायनं रक्तात उतरतात, त्यांनी थंडीताप येतो. म्हणून तर आम्ही ताशी ५० मिलिग्रॅमनं सुरू करतो आणि सोसतंय असं दिसलं की दर अर्ध्या तासाला वाढवतो. बाटलीसुद्धा हलवत नाही, अलगद उलटी करतो. प्रथिन आहे, फेस होतो.

अशा त्रासाचं दुसरं कारण उंदराचं. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी हव्या त्या एकाच प्रकारच्या अँटिबॉडी बनवायची रीत शोधली, पण त्या निव्वळ उंदराच्या होत्या आणि माणसाचं शरीर त्यांना परकं मानायचं. रिटुक्सिमॅबमध्ये फक्त पकडणारा भाग उंदराचा, बाकी माणसाचा ठेवलाय. नावातला ‘क्सि’ तेच सांगतो. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं २००७ मध्ये त्याचं भारतीय रूप आणलं.

निरोगी बी पेशींवरही हीच खूण असते, त्याही जातात. पण त्या जिथून जन्मतात त्या मूळ पेशींवर ती नसते, त्यामुळे उपचार संपल्यावर काही महिन्यांत नव्या तयार होतात. तोवर जंतुसंसर्गापासून जपा.

एक मात्र कळकळीनं सांगते. आमच्याकडे एक आजी घसा खाजतोय हे वीस मिनिटं बोलल्याच नाहीत, ‘सिस्टर कामात होत्या’ म्हणून. ओठ सुजले तेव्हा आम्हाला कळलं. घशात खाज, छातीत दडपण, अंगावर गांधी, काहीही वाटलं तरी आईंनी लगेच हाक मारायची. आम्ही त्यासाठीच तिथे असतो.

औषध बंद करायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. नुसत्या थंडीतापासाठी सहसा करत नाहीत. बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची का, हे आदल्या दिवशीच विचारा, कारण ड्रिप चालू असताना बीपी उतरू शकतं. हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट फाइलमध्ये आहे ना, तेवढं बघा. आणि शाल न्या, वॉर्डात एसी असतो.